दादाच्या बोअरचं पाणी

बोअरची गाडी आमच्या प्लॉटवर आली, त्या दिवशी माझा भाऊ जितका खूश होता तितका मी त्याला त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. संभाजीनगरात मुकुंदवाडीच्या पलीकडे, जिथं तेव्हा निम्म्या प्लॉटवर घरं आणि निम्म्यांवर वेड्या बाभळी होत्या, तिथं त्यानं दोन खोल्या बांधल्या होत्या. वर गच्ची, मागं पत्र्याचं न्हाणीघर. नळ अजून तिथवर पोचला नव्हता. टँकर यायचा तेव्हा यायचा. म्हणून घराला रंग द्यायच्या आधी दादानं बोअर घ्यायचं ठरवलं.

तो वाळूजच्या एका कारखान्याची बस चालवायचा. शिफ्टची माणसं न्यायची, सोडायची. आमचे वडील लवकर गेले. वेरूळजवळच्या गावात थोडी कोरडवाहू जमीन होती, ती चुलत्यानं वहिवाटायला घेतली आणि दादानं मायला शहरात आणलं. आईला आम्ही मायच म्हणायचो. मी विद्यापीठात रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होतो, हॉस्टेलवर राहायचो आणि रविवारी घरी यायचो. बोअर मारायचं म्हणून त्या दिवशी मी मुद्दाम आलो होतो.

सकाळपासून नुसती दगडाची भुकटी उडत होती. बाभळी पांढऱ्या झाल्या, वहिनीनं दोरीवर घातलेले कपडे पांढरे झाले, दादाच्या भुवयाही. दुपार कलल्यावर भुकटी ओली यायला लागली. मग चिखल आला, आणि एकदम पाण्याचा फवारा उडाला. शेजारपाजारची माणसं धावत आली. वहिनीनं नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. दादा त्या फवाऱ्याखाली नखशिखांत भिजला, त्यानं ओंजळ भरली आणि सगळ्यांच्या देखत प्याला. क्षणभर त्याचे डोळे मिटले. मग तो हसला आणि म्हणाला, "गोड लागलंय."

त्याच्या पाठोपाठ मी प्यालो. खारट आणि मागून कडवट. जीभ आखडली. मचूळ पाणी मला नवं नव्हतं, पण हे भलतंच होतं. दादा माझ्याकडं बघत होता. मी मान हलवली. नंतर शेजाऱ्यांनी चव घेतली, एकमेकांकडं पाहिलं, पण ओल्या अंगानं पेढे वाटणाऱ्या माणसाला कोण काय बोलणार? संध्याकाळी तो मला म्हणाला, "नव्या बोअरला असतंच तसं. दोन पावसाळं गेलं की निवळतंय."

एक पावसाळा गेला. दुसरा यायच्या आधीच दादा गेला. पहाटे पहिल्या शिफ्टची माणसं आणायला निघाला होता. बायपासला एक बंद पडलेला ट्रक अंधारात उभा होता. बसमध्ये दुसरं कोणी नव्हतं, हे त्याच्या साहेबांनी आम्हाला दोनतीनदा सांगितलं. आम्हाला त्यानं बरं वाटेल असं त्यांना वाटत असावं.

घरात माय आणि वहिनी अशा दोघी उरल्या. वहिनी जालन्याच्या. दिवसकार्य झाल्यावर त्यांचा भाऊ न्यायला आला होता. मूलबाळ नव्हतं, वय लहान होतं, त्याचंही चुकत नव्हतं. पण वहिनी जवळच्या एका खाजगी शाळेत लहान मुलांना शिकवायच्या, ते कारण त्यांनी पुढं केलं. "आत्याबाईंचं जरा स्थिरस्थावर होऊ द्या," म्हणाल्या. सासूला त्या आत्याबाई म्हणत. भाऊ एकटाच परत गेला.

बोअरचं पाणी निवळलं नाही. साबणाला फेस यायचा नाही. तुरीची डाळ कितीही शिट्ट्या दिल्या तरी कण धरून राहायची. बोअरच्या नळाच्या तोंडाशी पांढरा दगड धरायचा, तो वहिनी उलथन्यानं फोडायच्या. दारात लावलेली जास्वंद पानांच्या कडेनं करपत करपत वाळून गेली. दादानं हौसेनं फिल्टरचं मशीन बसवलं होतं, त्याची जाळी महिना दोन महिन्यांत दगड होऊन बसे, आणि जेवढं पाणी गाळायचं त्याहून जास्त मोरीत जायचं. शेवटी ते मशीन भिंतीवर नुसतंच राहिलं. वहिनी प्यायला पाण्याचा जार घ्यायला लागल्या. सगळी गल्लीच घेत होती.

माय मात्र जारचं पाणी तोंडात घेईना. बाजारचं पाणी, कुणाचं कुठलं, म्हणायची. तिचा तांब्या वेगळा. ती स्वतः उठून नळाखाली तो भरायची आणि दादाच्या फोटोखाली ठेवायची. सुरुवातीला आम्हाला वाटलं, दुःखाचं आहे, जाईल. ते गेलं नाही. वर्ष होत आलं तशी तिच्या पायांना सूज दिसायला लागली. चप्पल घालताना पट्टा रुतायचा. दवाखान्यात नेलं तर रक्तदाब कधीचाच वाढलेला. डॉक्टर मुकुंदवाडीतलेच, शांत गृहस्थ. त्यांनी विचारलं, पाणी कुठलं पिता? मी सांगितलं. ते म्हणाले, भाकरीतलं मीठ बंद करा आणि त्याच्या आधी हे पाणी बंद करा, मीठ तर पाण्यातूनच चाललंय.

मायनं भाकरीतलं मीठ त्याच दिवशी सोडलं. ठेचा सोडला, पापड सोडला. पाणी सोडलं नाही. वहिनीनं समजावलं, मी रागावलो, गावाहून मावशीला बोलावलं. सगळ्यांना तिचं एकच उत्तर होतं, "माझ्या लेकानं काढलेलं पाणी हाय. त्यानं मला काय होतंय?"

माझं संशोधन तेव्हा प्रकाश शोषणाऱ्या पदार्थांवर होतं. आपण ज्याला काळं म्हणतो ते खरं तर पुरतं काळं नसतं. तव्याच्या बुडावर ऊन पडलं तरी त्यातलं थोडं परत फिरतं, म्हणून तर बूड आपल्याला दिसतं. आमच्या प्रयोगशाळेत याहून काळे पदार्थ तयार होत. कोळशाच्याच जातीचे, पण आतून इतकी बारीक भोकं असलेले की आत शिरलेलं ऊन भिंतींवर आपटत राहतं आणि बाहेर येत नाही. असला पदार्थ पाण्यावर तरंगत ठेवला की सगळी उष्णता वरच्या पातळ थरात राहते. खालचं पाणी थंडच असतं, वरून मात्र वाफ निघत राहते. वाफेबरोबर मीठ येत नाही. वर तिरकी काच लावली की वाफ तिला चिकटते, थेंब होऊन घरंगळते, आणि पन्हाळीतून गोडं पाणी मिळतं. वीज लागत नाही, मोटर लागत नाही. माझ्या मार्गदर्शक बाईंचं लक्ष समुद्रकाठच्या गावांवर होतं. माझं आमच्या गच्चीवर लागलं.

जारचं पाणी माय पिणार नाही, पण दादाच्याच बोअरचं पाणी मीठ काढून दिलं तर? मी हे वहिनींना बोललो. त्या भांडी घासत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "करून बघा भावजी. गच्ची रिकामीच हाय."

पदार्थ मी घोसाळ्यापासून करायचा ठरवला. अंग घासायला जे वाळलेलं घोसाळं वापरतात, त्याची जाळी भट्टीत हवा न देता तापवली की तिचा आकार तसाच राहून कोळसा होतो. त्यावर प्रयोगशाळेतल्या त्या बारीक काळ्या भुकटीचा लेप. खाली थर्माकोल, मधून कापसाची वात, म्हणजे पाणी वर चढत राहतं. लाकडाच्या उथळ पेट्या सुताराकडून करून घेतल्या, त्यावर काचा. माघातल्या एका रविवारी मी आणि वहिनीनं त्या गच्चीवर दक्षिणेकडं तोंड करून मांडल्या. मायला वर येता येत नव्हतं. ती खाली ओट्यावर बसून विचारत होती, झालं का, दिसतंय का काही?

दुपारी काचेवर आतून धुकं धरलं. मग त्या धुक्यात रेघा ओढल्यासारखे थेंब खाली यायला लागले. आम्ही दोघं उन्हात उकिडवे बसून ते बघत होतो. दादा गेल्यापासून वहिनींना मी पहिल्यांदा हसताना पाहिलं. पदरानं घाम पुसत त्या म्हणाल्या, "ह्यांना दाखवायला पाहिजे होतं." आणि लगेच उठून खाली गेल्या.

संध्याकाळी पेलाभर पाणी मायसमोर ठेवलं. तिनं ते आधी दादाच्या फोटोपुढं धरलं, मग एक घोट घेतला. बराच वेळ तोंडात फिरवला.

"ह्याला चवच नाय," ती म्हणाली. "पाण्यासारखं लागत नाय. दादाच्याच बोअरचं हाय ना?"

"त्याचंच."

"माझ्या गळ्याची आण?"

मी आण घेतली. तिनं पेला संपवला, पण दुसरा मागितला नाही. चव नसते हे खरंच होतं, त्यातलं सगळंच निघून गेलेलं असतं. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, थोडं मूळ पाणी परत घाल, तसंही अगदी शुद्ध पाणी रोज पिणं बरं नाही. तेव्हापासून तांब्याला दोन चमचे बोअरचं पाणी वहिनी वरून घालायच्या. मायला ते पटलं. आता लागतंय बरोबर, म्हणाली.

तो उन्हाळा आमच्या घरातला शेवटचा बरा काळ होता. संभाजीनगरचं ऊन, ज्याला सगळे शिव्या घालतात, त्याची आम्ही सकाळी वाट बघायचो. वहिनी शाळेत जायच्या आधी पेट्या भरायच्या, काचांवरची धूळ पुसायच्या, आल्यावर पन्हाळीखाली लावलेला कॅन खाली आणायच्या. सगळ्या पेट्या मिळून मायपुरतं पाणी निघायचं, कधी कळशी भरायची. मायच्या पायांची सूज उतरली. ती पुन्हा चप्पल घालून कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत जायला लागली. देवळातल्या बायांना सांगायची की धाकट्यानं थोरल्याचं पाणी गोड केलं. विद्यापीठातले लोक गच्ची बघून गेले, फोटो काढून गेले. बाई मायशेजारी ओट्यावर बसून चहा प्यायल्या. मला वाटायला लागलं होतं की आपल्याला काहीतरी सापडलंय.

चैत्र संपता संपता काळ्या थराच्या कडेला पांढरं दिसायला लागलं. मी घाबरलो नाही. मीठ बसणारच, आणि ऊन उतरल्यावर ते आपोआप खालच्या पाण्यात विरघळून जातं, असं आम्ही प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा पाहिलं होतं. पण प्रयोगशाळेत आम्ही साधं मीठ घालून पाणी खारं करायचो. दादाच्या बोअरमध्ये नुसतं मीठ नव्हतं, चुना होता, आणखी काय काय होतं. ते पांढरं विरघळत नव्हतं. नळाच्या तोंडाशी धरायचा तोच दगड आता त्या बारीक भोकांमध्ये धरत होता. काळं पांढरं होत गेलं तसं ऊन परत फिरायला लागलं आणि कॅनमधलं पाणी कमी होत गेलं. मी ब्रशनं घासलं तर लेप निघून आला. व्हिनेगरमध्ये बुडवलं तर दगड गेला, आणि त्याच्याबरोबर जाळीही मऊ पडून चुरली.

नवे तुकडे करायला हवे होते. विद्यापीठातली भट्टी नेमकी तेव्हाच जळाली आणि दुरुस्तीला गेली ती पावसाळा आला तरी परत आली नाही. त्याच काळात आमचा निबंध एका मोठ्या परदेशी नियतकालिकात छापून आला. त्यात आमच्या पदार्थाचा फोटो होता, रुपयाच्या नाण्याएवढ्या तुकड्याचा, आणि तो किती ऊन शोषतो याचे आलेख होते. सगळं खरं होतं. बाईंनी पेढे आणले. मी दोन पेढे रुमालात बांधून मायसाठी नेले.

आषाढात आभाळ भरून आलं. पाऊस म्हणावा तसा नव्हताच, नुसतं मळभ. हवा कोंदट आणि ऊन नाही. आठवडाभर मी घरी जाऊ शकलो नव्हतो. रविवारी गेलो तर मायचा तांब्या भरलेला. ती खुशीत होती. एवढ्या ढगातही यंत्र चालतंय, म्हणाली. मी गच्चीवर गेलो. पेट्यांमधल्या पाण्यावर हिरवं शेवाळ आलं होतं. काच आतून कोरडी होती. कॅनमध्ये तळाला एक मेलेला किडा होता.

खाली उतरताना जिन्याखाली पोत्यानं झाकलेला निळा जार दिसला. वहिनी माझ्या मागंच उभ्या होत्या. मायला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाल्या, "ऊन नव्हतं भावजी. त्यांना तर रोज पाणी लागतंय."

"मायला कळलं नाही?"

"दोन चमचे बोअरचं घालते ना. चव लागली की त्यांना पटतंय."

मी पोतं पुन्हा जारवर ओढलं. त्या रोज सकाळी कॅन घेऊन गच्चीवर जायच्या, काचांवर हात फिरवायच्या, पेट्यांची झाकणं वाजवायच्या आणि खाली येऊन जिन्याखाली कॅन भरायच्या. शाळेला जायच्या आधी एवढं सगळं. मग मीही त्यात सामील झालो. रविवारी वर जाऊन तासभर खुडबुड करायचो. खालून मायचा आवाज यायचा, आज किती निघालं रे? मी वरून सांगायचो, पाऊण कॅन, अर्धा कॅन. आभाळाकडं बघून अंदाजानं सांगायचो, म्हणजे तिला शंका येऊ नये.

मनातून मी हरलो नव्हतो. दिवाळीनंतर भट्टी सुरू झाली, तेव्हा मी दगड न धरणारा लेप शोधायला लागलो. पाण्याला मुळी न शिवता वरूनच त्याला तापवेल असा काहीतरी प्रकार. दोन तुकडे जमले. तळहाताएवढे. गच्चीवर ते आठ-दहा दिवस चांगले चालले, मग त्यांच्यावरही पांढरी कड आली. तोवर माझी शिष्यवृत्ती संपत आली होती. बाईंना दुसऱ्या राज्यातल्या संस्थेत चांगली जागा मिळाली, त्यांनी मला चल म्हणून आग्रह केला. मायला सोडून मी जाणार नव्हतो. बाई गेल्या. प्रयोगशाळेतली माझी कपाटाची जागा दुसऱ्या विद्यार्थ्याला हवी होती, मी ती रिकामी करून दिली. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण अर्धं राहिलं होतं. वाळूजमध्ये एका रंगाच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम मिळालं. गाड्यांच्या सायलेन्सरला जो काळा रंग देतात, तो सगळीकडं सारखा बसलाय का हे बघायचं. तिथंच जवळ बजाजनगरमध्ये खोली घेतली. शिफ्ट ड्युटी असल्यामुळं घरी जायचे रविवारसुद्धा चुकायला लागले.

पुढच्या उन्हाळ्यात मायचं हृदय मोठं झालंय असं डॉक्टरांनी सांगितलं. पाण्यामुळं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, कितीतरी वर्षांचं असतं हे, एका गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. ती आता पलंगावरून फार उठायची नाही. दम लागायचा म्हणून उशांना टेकून बसायची. एका संध्याकाळी वहिनी शाळेच्या कार्यक्रमाला गेल्या होत्या, मी तिच्याजवळ होतो. बाहेर शेजाऱ्यांच्या प्लॉटवर बोअरची गाडी लागली होती, तिचा घरघराट चालू होता. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "त्यानं पहिली ओंजळ घेतली तवा मी त्याच्या तोंडाकडंच बघत होते."

मी तिच्या पाठीमागची उशी सारखी केली.

"लहानपणी कडू औषध दिलं की असंच डोळं मिटायचा. मला तवाच कळलं, पाणी खराब हाय म्हणून."

"मग पीत का राहिलीस, माय?"

श्वास जुळवून ती म्हणाली, "समद्या गल्लीसमोर त्यानं गोड म्हणलं होतं. तो असता तर काहीतरी केलं असतं त्यानं, दुसरं बोअर घेतलं असतं. पण तो गेला ना. मग त्याला खोटं कसं पाडू?"

मी तिचे पाय दाबत होतो. बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि भरून यायला वेळ लागायचा. मला वाटलं, आता ती जारबद्दल विचारेल. तिनं विचारलं नाही. तिला तेही माहीत होतं का, हे मला अजून सांगता येत नाही. वहिनींना वाटतं, नव्हतं. मी त्यांना दुसरं काही सांगितलेलं नाही.

त्याच महिन्यात माय गेली. दवाखान्यात न्यायला रिक्षा दारात आली होती, ती ओट्यापर्यंत आली, बसते जरा म्हणाली आणि बसली. वहिनींनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. कुणीतरी म्हणालं, पाणी घाला तोंडात. मी फोटोखालचा, जारच्या पाण्याचा तांब्या आणायला वळलो. वहिनी म्हणाल्या, "तो नको." त्या स्वतः उठल्या, मायचं डोकं माझ्या हातात दिलं, नळाखाली ओंजळ धरली आणि तसंच ठिबकत ते पाणी घेऊन आल्या. दोन थेंब आत गेले असतील. बाकीचं गालावरून ओघळून सुकलं आणि तिथं पांढुरका डाग राहिला. तो मी माझ्या रुमालानं पुसला.

चौदाव्याला वहिनींचा भाऊ जालन्याहून पुन्हा आला. या वेळी त्यांच्याकडं कारण नव्हतं. तरी शाळेचं वर्ष पुरं व्हायचं म्हणून त्या थांबल्या. मी म्हणालो, घर तुमचंच आहे, राहा. त्या म्हणाल्या, भिंतीशी किती दिवस बोलू भावजी? जाण्याआधी आम्ही गच्ची आवरली. पेट्यांचं लाकूड कुजलं होतं. काचा शेजारच्या बांधकामावरच्या माणसानं खिडकीला नेल्या. त्या काळ्या तुकड्यांचं काय करायचं हा प्रश्न होता. हातात घेतले की चुरत होते. वहिनींनी ते केरसुणीनं गोळा केले आणि कुंडीतल्या मातीत मिसळले. त्या कुंडीत काही लावलेलं नव्हतं.

मी प्रबंध नंतर पुरा केला. शेवटच्या प्रकरणात खऱ्या बोअरच्या पाण्यानं थर कसे चोंदतात ते लिहिलं. तोंडी परीक्षेला आलेल्या परीक्षकांनी विचारलं की हे तर तुमच्याच निष्कर्षांच्या विरुद्ध जातं, मग घातलंत कशाला? मी म्हणालो, असंच झालं म्हणून. त्यांनी फार ताणलं नाही. पदवी मिळाली. कारखान्यात दोघातिघांनी डॉक्टर म्हणायला सुरुवात केली होती, मग तेही थांबलं. घरात आता भाडेकरू राहतात. नळ आलाय त्या भागात, पाणी बऱ्याच दिवसांनी एकदा येतं, पण येतं. बोअरची मोटर त्यांनी काढून ठेवली आहे, भांडी धुवायलासुद्धा ते पाणी चालत नाही म्हणाले.

वहिनींना सोडायला मी मुकुंदवाडी स्टेशनला गेलो होतो. छोटं स्टेशन, मोजकी माणसं. दोन बॅगा आणि दादाचा फोटो जुन्या साडीत गुंडाळलेला. गाडीला उशीर होता. आम्ही बाकावर बसून होतो आणि आता दोघांना मिळून बोलायला काही विषय उरला नव्हता. त्यांनी मला जेवणाचं विचारलं, मेसचं विचारलं. गाडी दिसली तेव्हा उठत म्हणाल्या, "लग्न करा आता. एकटं राहू नका."

"बघतो," मी म्हणालो. "तुम्ही पण."

त्या डब्यात चढल्या. खिडकीजवळ जागा मिळाली, बॅगा वर चढवल्या, फोटो मांडीवर घेतला. माझी दुपारची शिफ्ट होती आणि मुकुंदवाडीहून वाळूज म्हणजे शहराचं दुसरं टोक. गाडी हलायच्या आधीच मी पुलाचा जिना चढून रिक्षा शोधायला बाहेर पडलो.